थाळी, काढा आणि पावडरचा डबा : नकळत होणाऱ्या डोपिंगबद्दल नाशिकच्या खेळाडूंचे नेहमीचे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातली मुलंमुली पळण्यात, कुस्तीत, रोइंगमध्ये, कबड्डीत राज्याच्या पलीकडे जाऊ लागली की एक दिवस डोपिंगची चाचणी समोर येतेच. राष्ट्रीय स्पर्धा, खेलो इंडिया, सराव शिबिर, कुठेही नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी नमुना मागू शकतात. मुद्दाम औषध घेणाऱ्यांसाठी हे पान नाही. घरचं जेवण, तालमीतला खुराक, आजीचा काढा आणि दुकानातला डबा यांतून अजाणता अडकू नये म्हणून काळजी घेणाऱ्यांसाठी ते लिहिलं आहे.

खेळाडूला माहीतच नव्हतं, तरी बंदी येते का?

येते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडा हिच्या संहितेनुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. कुणी दिलं, कशातून गेलं, हेतू काय होता, हे प्रश्न शिक्षा किती हे ठरवताना येतात. स्पर्धेदरम्यानच्या नमुन्यात निषिद्ध पदार्थ निघाला की त्या स्पर्धेतला निकाल आणि पदक जातंच, मग चूक कुणाचीही असो.

स्टिरॉइडसारख्या पदार्थांसाठी बंदी चार वर्षांपासून सुरू होते. हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध केलं तर ती दोन वर्षांवर येते. ज्या पदार्थांना संहिता ‘विशिष्ट’ गटात टाकते, म्हणजे जे डोपिंगशिवाय दुसऱ्या कारणानेही शरीरात गेलेले असू शकतात, त्यांना साधारण दोन वर्षं. दूषित उत्पादनातून पदार्थ गेला आणि आपली मोठी चूक नव्हती हे दाखवता आलं, तर शिक्षा ताकीदीपर्यंतही खाली येऊ शकते. पण हे दाखवायचं काम खेळाडूचं, आणि त्यासाठी पुरावा लागतो.

महाराष्ट्र केसरीचा मान तीनदा मिळवलेल्या नरसिंग यादवचं प्रकरण कुस्तीप्रेमींना आठवत असेल. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टिरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात ते कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. नाडाच्या समितीने ते मान्य करून त्याला मोकळं केलं. वाडाने मात्र क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि घातपाताचा ठोस पुरावा नाही म्हणून लवादाने चार वर्षांची बंदी घातली. ‘कुणीतरी मिसळलं असेल’ एवढ्यावर निभावत नाही, हे त्यातून लक्षात घ्यावं.

रोजच्या घरच्या जेवणातून कोणी पॉझिटिव्ह येतं का?

भाकरी, भाजी, वरण-भात, मिसळ, साबुदाणा, केळी, ताक, उसाचा रस, गूळ-शेंगदाणे, अंडी, बीटाचा रस यांत निषिद्ध असं काही नाही. तंबाखू-सुपारी आरोग्याला घातकच, पण बंदीच्या यादीत ती नाही. जेवणाच्या भीतीने पोट मारणारी मुलं आणि विशेषतः मुली दिसतात, ते थांबायला हवं. थाळीतल्या मोजक्या दोन-तीन गोष्टी सोडल्या तर धोका पुडी, बाटली आणि डब्यातून येतो.

त्या दोन-तीन गोष्टी कोणत्या? खसखशीबद्दल नेहमी ऐकतो.

खसखस अफूच्याच बोंडातून निघते. दाण्याच्या आत मॉर्फिन जवळजवळ नसतं. बोंड फोडताना त्याचा चीक दाण्याच्या सालीला लागतो आणि मॉर्फिन तिथून येतं. म्हणून प्रमाण पोत्यागणिक बदलतं: काही खसखशीत किलोमागे एक मिलिग्रॅमही नसतं, तर काहीत शंभर मिलिग्रॅमच्या वर. दुकानात पाहून, चाखून, वास घेऊन हा फरक कळत नाही.

मॉर्फिन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. लघवीत मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा. आता हिशेब करून पाहा. गोड्या मसाल्यातली किंवा रश्श्याच्या वाटणातली खसखस एका माणसाच्या वाट्याला चिमूटभर येते, आणि ती भाजलेली असते. अनारशाला एका बाजूने लागते तीही थोडीच, पण दिवाळीत पाच-सहा अनारसे एका बैठकीत सहज जातात. खसखशीची खीर किंवा हलवा यांत मात्र वाटीमागे दोन-तीन मोठे चमचे, म्हणजे २० ते २५ ग्रॅम खसखस जाऊ शकते. माल चिकाने माखलेला असेल तर एवढ्यातून दोन मिलिग्रॅमच्या वर मॉर्फिन पोटात जातं.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी तालमीतल्या थंडाईची वाटते. बदाम, मगज, बडीशेप, मिरी यांच्याबरोबर खसखस रात्री भिजत घालतात आणि सकाळी ती भिजवलेल्या पाण्यासकट वाटून दुधात गाळतात. चीक पाण्यात उतरतो आणि तेच पाणी आपण पितो. शिवाय हा रोजचा खुराक, त्यामुळे वजन देण्याच्या आदल्या दिवशीही तो चालूच असतो.

यावर करायचं ते असं. स्पर्धेच्या तीन दिवस आधीपासून स्पर्धा संपेपर्यंत खीर, हलवा, थंडाई, अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू बंद. मॉर्फिनचा बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातो. तिसरा दिवस सुरक्षेसाठी. एरवी थंडाई करताना खसखस कोमट पाण्यात दोन-तीनदा खळखळून धुवावी, भिजवलेलं पाणी फेकून द्यावं. त्याने बराच चीक निघतो, पण सगळा नाही. त्यामुळे स्पर्धेच्या आठवड्यात धुतलेल्या खसखशीवरही विसंबू नये. थंडाईतून ती काढून मगज वाढवला तरी दाटपणा तसाच राहतो. वस्तादांनी एवढा बदल कायमचाच केला तर उत्तम.

महाशिवरात्र आणि रंगपंचमीला भांग घेतली जाते. एखाद्या ग्लासाने काय होतं?

भांगेतला टीएचसी हा घटक स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. मर्यादा मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅम. संहितेच्या व्याख्येप्रमाणे स्पर्धाकाळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. भांग मात्र घड्याळ पाहून शरीरातून जात नाही. टीएचसी चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. वारंवार घेणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडू शकतो.

त्र्यंबकेश्वरला महाशिवरात्रीच्या गर्दीत किंवा रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उड्या मारून आल्यावर कुणी थंडाईचा पेला पुढे केला, तर त्यात भांग आहे की नाही हे रंगावरून कळत नाही. भजी, बर्फी, पेढा, लाडू यांतही ती घालतात. पानपट्टीवर पाचक म्हणून मिळणाऱ्या मुनक्का गोळ्यांत भांग असू शकते; आवरणावर ‘विजया’ लिहिलेलं असेल तर ती भांगच. सणाच्या दिवशी खेळाडूने आपलं पेय घरून न्यावं. मित्रांनी चेष्टा केली तरी चालेल.

भांगेतल्याच सीबीडी या दुसऱ्या घटकावर बंदी नाही, पण सीबीडीच्या तेलात टीएचसी मिसळलेला निघतो, म्हणून तेही नको. स्पर्धेशी संबंध नसताना भांग घेतली होती हे सिद्ध झालं तर बंदी तीन महिने आणि उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केला तर एक महिना. म्हणजे पूर्वीपेक्षा सौम्य, पण निकाल जातो तो जातोच.

द्राक्षांवर जीए फवारतात, म्हशीला पान्हा सोडायला इंजेक्शन देतात, ब्रॉयलर कोंबड्यांना हार्मोन देतात म्हणे. याने नमुना बिघडेल का?

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वनस्पतीचं संप्रेरक आहे, माणसाच्या संप्रेरकांशी त्याचा काही संबंध नाही आणि ते यादीत नाही. छाटणीनंतर डोळे फुटायला लावतात ते हायड्रोजन सायनामाइडही नाही. फवारणीच्या अंशाची चिंता आरोग्यासाठी रास्त आहे. द्राक्षं धुऊन खावीत.

पान्ह्यासाठी वापरलं जाणारं ऑक्सिटोसिन गैर आहे, जनावरावर अन्याय आहे, पण निषिद्ध यादीत ते नाही. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो निवडक जातीमुळे आणि खाद्यामुळे. हार्मोनची गोष्ट ही अफवा आहे.

मग मांसातून डोपिंग झाल्याच्या बातम्या येतात त्या खोट्या?

खोट्या नाहीत, पण त्या बहुतेक बाहेरच्या देशांतल्या. क्लेनब्युटेरॉल नावाचं औषध गुरांना, डुकरांना चरबी घटवून मांस वाढवण्यासाठी काही ठिकाणी बेकायदा दिलं जातं. मेक्सिको आणि चीन यांची नावं या बाबतीत वारंवार येतात. क्लेनब्युटेरॉल खेळाडूंना कायम निषिद्ध आहे. लघवीत ते मिलिलिटरमागे पाच नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर प्रयोगशाळा थेट दोषी न ठरवता चौकशी लावते, कारण मांसातून ते आलेलं असू शकतं.

२०१० च्या टूर द फ्रान्समध्ये अल्बेर्तो कोंतादोर या सायकलपटूच्या नमुन्यात ते सापडलं. त्याने दूषित मांसाचं कारण दिलं, पण लवादाला ते पटलं नाही. २०१२ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली आणि विजेतेपद गेलं.

अशा देशात स्पर्धेला जाताना संघाच्या मेसमध्येच जेवावं, रस्त्यावरचं मटण, डुकराचं मांस आणि कलेजी टाळावी, अंडी-मासे-डाळीवर भागवावं. बाहेर जेवलात तर हॉटेल, तारीख, पदार्थ लिहून ठेवा, बिल जपा, शक्यतो चार-पाच जणांनी एकत्र जेवा. दक्षिण अमेरिकेत पेरू, बोलिव्हियाकडे थकवा जायला कोकाच्या पानांचा चहा देतात, त्यातून लघवीत कोकेन सापडतं. नम्रपणे नको म्हणावं.

चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक, वाइन?

कॅफिन २००४ पासून निषिद्ध यादीत नाही. फक्त त्याच्या वापरावर नजर ठेवली जाते. चहा-कॉफी बिनधास्त. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे २५० मिलिच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. कंपनीचं बंद पेय असेल तर डोपिंगचा प्रश्न येत नाही. जिममध्ये सुट्या पुडीतून ‘प्री-वर्कआउट’ म्हणून जे घोळून देतात ते वेगळं, त्याबद्दल पुढे.

दारू २०१८ पासून यादीतून वगळली आहे. नाशिकची वाइन असो की सुरगाण्या-पेठकडची मोहाची, डोपिंग होत नाही. काही खेळांचे महासंघ दारूबाबत स्वतःचे नियम लावतात, त्यामुळे नेमबाजी-तिरंदाजीच्या खेळाडूंनी आपल्या संघटनेला विचारावं.

गाय व्यायल्यावरचा खरवस चालतो का?

कधीतरी खाल्लेली वडी म्हणजे डोपिंग नव्हे. चीक, म्हणजे गाय व्यायल्यावरचं पहिलं दूध, यादीत नाही. पण चिकात आयजीएफ-१ सारखे वाढीचे घटक असतात, ते स्वतंत्रपणे निषिद्ध आहेत आणि चाचणीच्या निकालावर परिणाम होऊ शकतो, म्हणून वाडा चिकाचं सेवन करू नका असं सांगते. आमचा सल्ला: ‘कोलोस्ट्रम’ नावाच्या कॅप्सूल आणि पावडरी पूर्ण टाळा, आणि स्पर्धेच्या दिवसांत खरवसही ताटात नको.

काढा, वटी, चूर्ण तर झाडपाल्याचं. त्यात काय डोपिंग?

बरंच. निषिद्ध यादीतली कितीतरी द्रव्यं मुळात वनस्पतींतच सापडली आहेत. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य खेळाडूच्या कामाचं नाही. नाव वाचा, घटक वाचा.

पहिला कुचला. त्यात स्ट्रिकनिन असतं आणि ते स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक आहे. विषतिंदुक वटीत कुचला असतो, पोटासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या अग्नितुंडी वटीतही असतो. होमिओपॅथीतलं नक्स व्होमिका त्याच झाडापासून. अपचनावरची साधी गोळी म्हणून घरात पडून असते, आणि स्पर्धेच्या प्रवासात पोट बिघडलं की हाताशी तीच येते.

दुसरी बला, आपल्याकडची चिकणा. तिच्यात एफेड्रिन अल्प प्रमाणात असतं. एफेड्रिनला स्पर्धाकाळात लघवीत मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. ताकदीसाठी म्हणून बलेचे दाट अर्क घेणं टाळावं. च्यवनप्राशच्या पारंपरिक पाठातही बला आहे. चमचाभर प्राशने घाबरून जायचं कारण नाही, तरी स्पर्धेच्या आठवड्यात तो बंद ठेवायला काय हरकत आहे?

तिसरी गुळवेल, आणि इथे जरा थांबून वाचा. करोनाच्या काळात प्रत्येक घरात गुळवेलीचा काढा उकळला. खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा दिसायला इतकी सारखी की बाजारात सरमिसळ होते. आयुष मंत्रालयानेही या गोंधळाबद्दल सावध केलं होतं. या क्रिस्पात हिजेनामाइन असतं. ते २०१७ पासून यादीत नावानिशी आहे आणि स्पर्धा असो-नसो, कायम निषिद्ध आहे. रामकुंडाच्या आसपास किंवा आठवडे बाजारात सुकलेल्या कांड्या विकत घेतल्या तर कुठली वेल आहे हे जाणकारालाही सांगता येणार नाही. ज्याची चाचणी होऊ शकते अशा खेळाडूने गुळवेल घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सीताफळाच्या झाडातही हिजेनामाइन आढळलेलं आहे; फळ खाण्यावर बंदी नाही, पानांचा काढा आणि अर्क मात्र नको.

चौथा प्रकार सगळ्यात वाईट: पुडी बांधून देणारे. सांधेदुखी, दमा, वजन वाढवणं, भूक लागणं यासाठीच्या बेनाव चूर्णांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी ॲलोपॅथीची स्टिरॉइड्स कुटून घातलेली निघतात. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो तो त्यामुळेच. तोंडावाटे घेतलेली ही स्टिरॉइड्स स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत, शिवाय अशा पुड्या महिनोन्‌महिने घेतल्या तर शरीराची स्वतःची संप्रेरकं मंदावतात. ज्या पुडीवर घटक आणि बॅच क्रमांक नाही ती घेऊ नये.

अश्वगंधा, शिलाजित, सफेद मुसळी, गोखरू यादीत नाहीत. त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘ताकदीच्या’ कॅप्सूलमध्ये आणखी काय आहे, हा खरा प्रश्न. २०११ मध्ये भारतीय रिले संघातल्या धावपटूंच्या नमुन्यांत स्टिरॉइड सापडलं. चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आलं, असं त्यांनी सांगितलं. आधी एक वर्षाची बंदी झाली; २०१२ मध्ये लवादाने ती दोन वर्षं केली. गोळ्या प्रशिक्षकाने दिल्या होत्या, हे कारण पुरलं नाही.

सर्दी-खोकल्याचं सिरप घेतलं तर?

लहान गावातल्या खेळाडूंसाठी हा मोठा खड्डा आहे. आपल्याकडच्या अनेक खोकल्याच्या सिरपांत ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन यांच्या जोडीला टर्ब्युटालिन असतं. टर्ब्युटालिन कायम निषिद्ध आहे. सिरप घरात लहान भावासाठी आणलेलं असतं, बाटलीचं झाकण चिकट झालेलं असतं, आणि दोन चमचे घेताना कुणी मागची बारीक अक्षरं वाचत नाही. साल्ब्युटामॉलला मोकळीक आहे ती फक्त ठरावीक मात्रेत श्वासावाटे, पंपातून घेतलं तर. सिरपमधलं साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल चालत नाही. सर्दीच्या गोळीत स्युडोएफेड्रिन असेल तर स्पर्धेआधी ती नको. फेनिलएफ्रिन, सेट्रिझिन, पॅरासिटामॉल चालतं.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, “मी खेळाडू आहे, माझी डोपिंग चाचणी होऊ शकते.” मग नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर औषधाचं नाव आणि घटक दोन्ही टाकून पाहा. परदेशी संकेतस्थळांवर भारतीय ब्रँड तपासू नका. एकाच नावाच्या औषधात देशागणिक घटक वेगळे असतात. दम्यासारख्या आजारासाठी निषिद्ध औषध अटळ असेल तर उपचारासाठीची सवलत मागता येते. तो अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करावा.

प्रोटीन पावडर घ्यावी का? घ्यायची तर कुठली?

आधी भूक, झोप, जेवण. साठ किलोच्या धावपटूला दिवसाला साधारण ८० ते १०० ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर दुधात सुमारे १६, चार अंड्यांत २४, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२, दोन वाट्या उसळ-वरणात १५ च्या आसपास, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये २५ ते ३०. हिशेब इथेच पुरा होतो आणि यात कसलीही जोखीम नाही. शाकाहारी मुलांना पनीर, सोयाबीन, फुटाणे वाढवून भागवता येतं.

पावडरचा धोका कल्पनेतला नाही. ऑलिम्पिक समितीच्या पैशाने कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ पूरक आहाराची उत्पादनं तपासली. त्यांतल्या ९४ मध्ये, म्हणजे १४.८ टक्क्यांमध्ये, लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइड वर्गातली द्रव्यं सापडली. एकाच यंत्रात आधी एक माल आणि मग दुसरा माल भरला, मधे धुणं नीट झालं नाही, की उरलेला भुसा पुढच्या डब्यात जातो. प्रयोगशाळेतली यंत्रं अशी काही मायक्रोग्रॅमची भेसळही पकडतात. दुसरी शक्यता मुद्दाम भेसळीची: ‘आठ दिवसांत फरक’ दाखवण्यासाठी मूळ पावडरीत स्टिरॉइड घालणं. तिसरी, नकली डबा. रिकामे डबे भरून पुन्हा सील करून विकले जातात.

एवढं करूनही आहारतज्ज्ञाने पावडर घ्यायलाच सांगितली तर:

– ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असं चिन्ह असलेलंच घ्या आणि डब्यावरचा बॅच क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जुळतो का ते पाहा. चिन्ह छापणं सोपं आहे, बॅच जुळणं महत्त्वाचं.

– ‘वाडामान्य’ असं डब्यावर लिहिलं असेल तर तो डबा ठेवून द्या. वाडा कुठल्याही उत्पादनाला मान्यता देत नाही. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हा अन्न परवाना आहे, डोपिंगची हमी नव्हे.

– ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून घटकांचं प्रमाण लपवलेलं, किंवा चरबी जाळणारं, टेस्टोस्टेरॉन वाढवणारं, प्री-वर्कआउट असं काहीही नको. जिरेनियम अर्क, डीएमएए, मिथाइलहेक्सानअमाइन, १,३-डायमिथाइलअमायलअमाइन ही एकाच निषिद्ध उत्तेजकाची नावं आहेत.

– पक्कं बिल घ्या. सील तोडण्याआधी डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. शक्य असेल तर त्याच बॅचचा दुसरा डबा न उघडता ठेवा. पुढे वाद झाला तर तपासणीला तोच कामी येतो, कारण उघडलेल्या डब्यात नंतर काही घातलं असा आक्षेप घेता येतो.

– जिममध्ये दुसऱ्याचा शेकर, दुसऱ्याचा चमचा वापरू नका. तो काय घेतो ते तुम्हाला माहीत नाही.

क्रिएटिन स्वतः निषिद्ध नाही. वरचे नियम त्यालाही लागू.

अशक्तपणा आला की डॉक्टर एक सलाईन लावतात. त्यात नुसतं पाणी-मीठच असतं ना?

असतं, तरीही निषिद्ध आहे. १२ तासांत एकूण १०० मिलिपेक्षा जास्त कुठलाही द्रव शिरेतून देणं ही बंदी घातलेली पद्धत आहे, मग त्यात ग्लुकोज असो की जीवनसत्त्व. रक्त आणि लघवी पातळ करून इतर गोष्टी लपवता येतात, म्हणून हा नियम. आपल्याकडची बाटली ५०० मिलिची. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया, निदानाच्या तपासण्या यांना सूट आहे, पण दवाखान्यात ‘ताकदीची’ लावलेली बाटली त्यात बसत नाही. शुद्ध हरपली, उलट्या थांबत नाहीत, उष्माघात झाला तर जीव आधी: थेट रुग्णालयात जा, सलाईन घ्या, कागद सांभाळा, लगेच नाडाकडे उपचार-सवलतीचा अर्ज करा. साध्या थकव्याला ओआरएस, लिंबू सरबत, पेज.

मेसचे आचारी आणि घरची मंडळी काय करू शकतात?

घरात कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन यांसारखं लघवी वाढवणारं औषध असू शकतं, आणि ते खेळाडूला कायम निषिद्ध. आजोबांची गोळी ज्या खलात कुटता त्यात मुलीसाठी वेलदोडा कुटू नका. गोळ्यांचे डबे वेगळे, पाण्याचे पेले वेगळे. मेसमध्ये स्पर्धेच्या आठवड्याची यादी आधी लावा आणि खसखशीच्या पदार्थांवर खूण करा. हॉटेलात पांढरा रस्सा किंवा शाही भाजी मागवताना वाटणात खसखस आहे का, हे विचारायला संकोच नको.

स्पर्धेच्या दिवशी आणि नमुना देताना काय सांभाळावं?

स्वतःची बाटली, तिच्यावर नाव, आणि ती नजरेआड झाली की उरलेलं पाणी ओतून नवीन. मसाज करणाऱ्याने, चाहत्याने, दुसऱ्या संघाच्या मुलाने दिलेलं उघडं पेय नको. नमुना केंद्रात अनेक बंद बाटल्यांतून तुम्ही स्वतः निवडायची असते. सील तपासून उघडा.

लघवी किमान ९० मिलि लागते आणि ती फार पातळ असेल तर पुन्हा द्यावी लागते. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवीच्या दाटपणाचं माप, साधारण १.००५ च्या खाली गेलं की तासन्‌तास अडकून पडाल. त्यामुळे घाबरून दोन लिटर पाणी ढोसू नका.

फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं आणि पूरक आहार लिहायचा रकाना असतो. तिथे सगळं लिहा: सिरप, काढा, वटी, पावडर, बॅचसकट. लिहिल्याने शिक्षा होत नाही. न लिहिलेलं नंतर सांगितलं तर ते बचावासाठी रचलेलं वाटतं. सात दिवसांचं आयत्या वेळी आठवत नाही, म्हणून मोबाइलमध्ये रोजची नोंद आणि वेष्टनाचा फोटो ठेवायची सवय लावा.

मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिलाही हेच नियम?

पदार्थ तेच. पण सोळा वर्षांखालच्या खेळाडूला संहिता ‘संरक्षित व्यक्ती’ मानते. पदार्थ शरीरात कसा गेला हे सिद्ध करण्याची सक्ती तिच्यावर नसते आणि शिक्षा ठरवताना वय पाहिलं जातं. नमुना देताना सोबत मोठं माणूस हवं. तिच्या हातात कोण काय देतं, मग तो प्रशिक्षक असो की नातेवाईक, हे पालकांनी विचारलंच पाहिजे. त्यात कुणाचा अपमान नाही.

नाडाचं पत्र आलं तर पहिलं काम काय?

काहीही फेकू नका. उघडी बाटली, अर्धा डबा, रिकामं पाकीट, बिल, डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत घालून तारीख टाका. पत्रातली मुदत पाहा. ‘बी’ नमुना, म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या बाटलीत सीलबंद ठेवलेला भाग, तपासून घ्यायचा हक्क आहे, पण तो दिलेल्या मुदतीतच मागावा लागतो. त्या आठवड्यात काय खाल्लं-प्यालं ते एकाच बैठकीत, अंदाज न करता, लिहून काढा. आठवत नसेल तिथे रिकामं सोडा. समाजमाध्यमांवर बाजू मांडू नका. उत्तेजकविरोधी नियम माहीत असलेल्या वकिलाला भेटा. आणि संशय ज्या डब्यावर आहे त्याच बॅचचा, सील न तोडलेला दुसरा डबा बाजारात मिळतो का, याचा शोध त्याच दिवशी सुरू करा, कारण महिन्याभरात तो माल दुकानातून संपलेला असतो.